महापुराच्या कथा कशा वाचाव्यात? पाणी का आले, बोट कोणाची आणि वाचले कोण?

‘नोहाची नौका सापडली’, ‘मनूच्या नावेचा पुरावा मिळाला’, ‘जगभर एकच महाप्रलय झाला हे विज्ञानाने मान्य केले’ असे संदेश आपल्या मोबाईलवर अधूनमधून येतात. ते खरे मानून पुढे पाठवणारे आहेत, तसेच ‘या सगळ्या भाकडकथा’ म्हणून विषय संपवणारेही आहेत. आम्हाला दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. ज्या कथा चार हजार वर्षे माणसाच्या मनात टिकल्या, त्या का टिकल्या आणि त्यांनी समाजाला काय शिकवले, हे तपासणे चळवळीतल्या तरुणांचे काम आहे.

केसपुत्त गावातल्या कालामांना तथागत बुद्धांनी सांगितले होते की केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नका. ते हिताचे की अहिताचे हे स्वतः पडताळा. हीच कसोटी लावून आम्ही प्रत्येक महापूर कथेला तीन प्रश्न विचारणार आहोत. पाणी का आले? आधी कोणाला कळले? वाचले कोण?

मातीच्या पाट्यांवरची कथा

लिखित स्वरूपातील सर्वात जुन्या महापूर कथा आजच्या इराकमध्ये, म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या मेसोपोटेमियात सापडतात. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथ यांनी निनेवे येथून आणलेल्या मातीच्या पाट्या वाचल्या. त्यांत बायबलमधील नोहाच्या कथेशी मिळतीजुळती कथा होती. हा मजकूर गिल्गमेश महाकाव्याच्या ११व्या पाटीवरचा होता. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्यांनी तो जाहीर वाचून दाखवला आणि युरोपात खळबळ उडाली. बायबलमधील कथेचे एकमेवपण त्या दिवशी संपले.

याहून जुनी आहे ती अत्रहासिसची कथा. तिच्या पाट्या इ.स.पू. १७व्या शतकातील आहेत. आपल्या वाचकांनी ही कथा मुद्दाम समजून घ्यावी, कारण ती श्रमापासून सुरू होते. सुरुवातीला कनिष्ठ देवांना कालवे खोदण्याचे कष्ट करावे लागत. एक दिवस त्यांनी काम नाकारले, अवजारे जाळली आणि मुख्य देव एन्लिल याच्या घराला वेढा घातला. तोडगा काय निघाला? एका देवाला मारून त्याचे रक्तमांस मातीत मिसळले आणि देवांचे कष्ट उपसण्यासाठी माणूस तयार केला. पुढे माणसे वाढली, त्यांचा गलबला वाढला आणि एन्लिलची झोप मोडू लागली. त्याने आधी रोगराई पाठवली, मग दुष्काळ, आणि शेवटी महापूर.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. पाणी आले ते राबणाऱ्यांच्या आवाजाने मालकाची झोप मोडली म्हणून. माणसे बुडाल्यावर देवांना अन्न देणारे कोणी उरले नाही. तेव्हा वाचलेल्या अत्रहासिसने नैवेद्य दाखवताच भुकेले देव माश्यांसारखे त्याभोवती जमले, असे ही कथाच सांगते. मालक वर्ग कोणाच्या श्रमावर जगतो, हे चार हजार वर्षांपूर्वीच्या कथाकाराला चांगले ठाऊक होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बोलके आहे. एन्की, म्हणजेच इआ, हा देव आपल्या एकाच भक्ताला झोपडीच्या कुडाआडून गुपचूप इशारा देतो. गिल्गमेशमधील उत्नपिश्तिम याला बोट बांधण्यासाठी गावकऱ्यांची मदत लागते, पण खरे कारण त्यांना सांगितले जात नाही. तुमच्यावर भरभराटीचा पाऊस पडेल, असे द्व्यर्थी उत्तर त्यांना मिळते. उत्नपिश्तिम आपले कुटुंब, जनावरे आणि काही कारागीर बोटीत घेतो. बाकीचे गाव मात्र बोट बांधायला हात लावूनही बुडते.

बायबल आणि कुराण

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात महापुराचे कारण बदलते. माणसांची दुष्टाई वाढली म्हणून ईश्वर पृथ्वी बुडवतो आणि नीतिमान नोहाला वाचवतो. या मजकुरात दोन परंपरा एकत्र शिवल्या आहेत, असे बहुतेक बायबल अभ्यासक मानतात. एके ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगितले आहे, तर दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. एके ठिकाणी पाऊस ४० दिवसांचा आहे, तर दुसरीकडे पाणी १५० दिवस चढलेले राहते.

बोट डोंगरावर टेकणे, जमीन शोधायला पक्षी सोडणे, उतरल्यावर होम करणे आणि त्याचा सुवास देवाने घेणे, हे तपशील गिल्गमेश आणि बायबल दोन्हींत आहेत. इ.स.पू. ६व्या शतकात यहुदी समाजातील अनेकांना बॅबिलोनमध्ये बंदी म्हणून राहावे लागले होते. त्यापूर्वीही त्या भागातले साहित्य दूरवर पोहोचले होते. त्यामुळे कथा या प्रवासातून आली असावी, असे अभ्यासक मानतात.

याला लगेच ‘चोरी’ म्हणण्याची घाई आपण करू नये. कथा प्रवास करतातच. खुद्द बुद्धांच्या जीवनाची कथा मध्य आशिया आणि अरबी भाषेच्या मार्गाने युरोपात गेली आणि ‘जोसाफात’ नावाच्या ख्रिस्ती संताची कथा बनली. ‘बोधिसत्त’ या शब्दाचाच तो बदललेला उच्चार आहे. कथा कुठून आली यापेक्षा वाटेत तिच्यात कोणते बदल झाले, हे पाहणे जास्त उपयोगाचे असते.

कुराणात हीच कथा नूह यांची आहे आणि तिथे इशारा गुपचूप दिला जात नाही. नूह आपल्या लोकांना उघडपणे समजावत राहतात आणि लोक थट्टा करतात. त्यांचा स्वतःचा मुलगाही बोटीत येत नाही. तो डोंगरावर चढून वाचेन म्हणतो आणि बुडतो. नुसत्या रक्ताच्या नात्याने कोणी वाचत नाही, हा मुद्दा या रूपात ठळक आहे.

मनू आणि मासा: एका कथेचे तीन मालक

भारतात या कथेचे सर्वात जुने रूप शतपथ ब्राह्मणात आहे. मनू हात धूत असताना त्याच्या ओंजळीत एक लहान मासा येतो. मोठे मासे लहानांना गिळतात, मला वाचव, मी तुला वाचवीन, असे तो म्हणतो. मनू त्याला वाढवतो. पूर येतो तेव्हा मासा मनूची नाव शिंगाला बांधून उत्तरेच्या पर्वतावर नेतो. या रूपात पूर ही कोणाची शिक्षा नाही आणि मासा हा विष्णूही नाही. मनू एकटाच वाचतो, नंतर यज्ञ करतो आणि त्या आहुतींतून इडा नावाची स्त्री निर्माण होते. म्हणजे कथेचा शेवट यज्ञाचे महत्त्व सांगण्यात होतो.

महाभारताच्या वनपर्वात हाच मासा ‘मी प्रजापती ब्रह्मा आहे’ असे सांगतो. आता नावेत मनूबरोबर सात ऋषी आणि सर्व प्रकारची बीजे असतात. मत्स्यपुराण आणि भागवत पुराणात मासा विष्णूचा अवतार होतो. भागवतात मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो, जो पुढच्या जन्मी मनू होतो, आणि वेद पळवणारा हयग्रीव दानव कथेत शिरतो. मासा एकच, पण त्याचे मालक बदलत गेले: आधी यज्ञपरंपरा, मग ब्रह्मा, मग विष्णू. ज्या काळात ज्या पंथाचे वजन वाढले, त्याने जुन्या कथेवर आपले नाव कोरले.

कार्यकर्त्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुराणांत चौदा मनू सांगितले आहेत. महापुरातला मनू हा वैवस्वत, म्हणजे सातवा. मनुस्मृती ज्याच्या नावाने सांगितली जाते तो स्वायंभुव, म्हणजे पहिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ते विषमतेच्या कायद्याचे दहन होते, माशाच्या कथेचा त्याच्याशी संबंध नाही. वादात दोन मनूंची गल्लत केली, तर समोरचा माणूस त्याच चुकीवर बोट ठेवून आपला मूळ मुद्दा उडवून लावतो.

मात्र तिसरा प्रश्न इथेही विचारलाच पाहिजे. नावेत सात ऋषी आणि बीजे होती. मग ती बीजे पेरणारा, नांगर करणारा, मडकी घडवणारा कुठे होता? कथा त्यांचे नावही घेत नाही.

याच्या शेजारी भिल्ल समाजाची कथा ठेवून पाहा. जेम्स फ्रेझर यांनी १९१८ च्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे. नदीवर कपडे धुणारा एक भला माणूस माशांना नेहमी खाऊ घालत असे. उपकाराची फेड म्हणून एक मासा त्याला पुराचा इशारा देतो. तो आपली बहीण आणि एक कोंबडा घेऊन मोठ्या पेटीत बसतो आणि वाचतो. मासा तोच, नदीही तशीच, पण इथे वाचणारा माणूस श्रम करणारा आहे. कथा कोण सांगतो यावर बोटीत कोण बसणार हे ठरते.

एकच जागतिक महापूर आला होता का?

सगळी पृथ्वी एकाच वेळी पाण्याखाली गेली, याचा कोणताही भूशास्त्रीय पुरावा नाही. १९२९ च्या सुमारास लिओनार्ड वूली यांना इराकमधील उर येथे गाळाचा जाड थर सापडला आणि हाच तो महापूर, असे जाहीर झाले. पुढे किश आणि शुरुप्पक येथेही थर सापडले, पण त्यांचे काळ वेगवेगळे निघाले. म्हणजे वेगवेगळ्या शहरांना वेगवेगळ्या काळी पुरांनी झोडपले होते. तुर्कस्तानातील दुरुपिनार येथील नावेच्या आकाराची जागा नोहाची बोट म्हणून दाखवली जाते. भूशास्त्रज्ञांच्या मते ती नैसर्गिक रचना आहे.

मग इतक्या संस्कृतींत पूर कथा का? माणूस पाण्याजवळ वस्ती करतो, हे पहिले कारण. शेती नदीकाठी होते आणि नदी कधी ना कधी पात्र सोडते. दुसरे कारण म्हणजे कथांचा प्रवास. तिसरे कारण म्हणजे खऱ्या घटनांची स्मृती. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी हजारो वर्षे वाढत गेली, सुमारे १२० मीटरने. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील २१ ठिकाणच्या आदिवासी कथांचा पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी अभ्यास केला. ‘पूर्वी इथे जमीन होती, मग समुद्र आला’ असे सांगणाऱ्या या कथांत सात हजार वर्षांपूर्वीच्या बदलाची आठवण टिकली असावी, असे त्यांनी मांडले.

इजिप्तचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. नाईलचा पूर दरवर्षी येई आणि गाळ देऊन शेती पिकवी. तिथे नदीच्या पुराने जग बुडाल्याची कथा रुजली नाही. लोकांचा पाण्याशी जसा अनुभव, तशी त्यांची कथा.

बौद्ध साहित्यातील पाणी

आपल्या परंपरेलाही हेच तीन प्रश्न लावले पाहिजेत. नाहीतर ती चिकित्सा एकतर्फी होईल.

समुद्दवाणिज जातकात (क्रमांक ४६६) एका बेटावरच्या पुराची कथा आहे. वाराणसीजवळच्या गावातील सुतारांची एक हजार कुटुंबे कर्जाला कंटाळून जहाज बांधतात आणि समुद्रातल्या एका सुपीक बेटावर जाऊन राहतात. बेट स्वच्छ ठेवा, एवढीच तिथली अट असते. पण उसाच्या रसाची दारू पिऊन लोक बेट घाण करतात. संतापलेल्या देवता ठरवतात की येत्या पौर्णिमेला समुद्र उसळवून बेट धुऊन काढायचे. एक दयाळू देवता आकाशात येऊन सर्वांना सांगते की पूर येणार आहे, निघून जा. दुसरी देवता येऊन सांगते की काही होणार नाही, मजेत राहा.

आता खरे कोणाचे? पाचशे कुटुंबांचा मूर्ख पुढारी गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतो. दुसऱ्या पाचशे कुटुंबांचा शहाणा पुढारी म्हणतो, आपण जहाज बांधून ठेवू. पूर आला नाही तर आपले काही बिघडणार नाही, आला तर जहाजात बसू. पौर्णिमेला पाणी चढते. जहाजवाले वाचतात, बाकीचे बुडतात.

या जातकातही देवता आहेत आणि शिक्षाही आहे, हे आम्ही लपवणार नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे वेगळी आहेत. इशारा एका लाडक्या भक्ताच्या कानात सांगितलेला नाही, तो सर्वांना दिलेला आहे. वाचणारे राजे किंवा ऋषी नाहीत, कर्जबाजारी सुतार आहेत. आणि त्यांना वाचवले ते शक्यता तोलून वेळेवर केलेल्या तयारीने.

जगाच्या विनाशाबद्दलही पाली साहित्य वेगळे बोलते. अंगुत्तर निकायातील सत्तसूरिय सुत्तात पाऊस थांबतो, एकामागून एक सात सूर्य उगवतात, नद्या आणि समुद्र आटतात, सिनेरू पर्वतही जळून जातो. हे कोणी रागावून केलेले नसते. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे सांगण्यासाठी ते वर्णन आहे. ५व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात अग्नी, पाणी आणि वारा यांनी होणारे विनाश सांगून त्यांचा संबंध माणसांतील वाढलेल्या लोभ, द्वेष आणि मोहाशी जोडला. हे भूगोलाचे शास्त्र म्हणून वाचू नये. मात्र कारण शोधताना बोट आकाशाकडे न जाता माणसाच्या वर्तनाकडे जाते, हे ध्यानात घ्यावे.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात सुरुवातीला सर्वत्र पाणी आणि अंधार असतो. तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी पाण्यावर जमीन धरते. मग लोभ येतो, साठा येतो, शेताचे बांध येतात, चोरी येते, आणि लोक स्वतःच्या संमतीने ‘महासम्मत’ निवडतात. हे सुत्त वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघांना सांगितले आहे. आम्ही ब्रह्माच्या मुखातून जन्मलो, या दाव्याला ते उत्तर आहे. समाज आणि वर्ण माणसांच्या व्यवहारातून घडले, म्हणून माणसे ते बदलू शकतात.

पाली भाषेत पुराला ‘ओघ’ म्हणतात. काम, भव, दिट्ठी आणि अविज्जा हे चार ओघ सांगितले आहेत. सुत्तनिपातात कप्प नावाचा माणूस विचारतो की भयंकर पुरात सापडलेल्यांसाठी बेट कोणते? बुद्ध उत्तर देतात की जिथे हाव आणि पकड नाही, तेच बेट. आपण ‘अत्तदीप’ शब्दातील दीप म्हणजे दिवा असे समजतो. पालीत दीप म्हणजे बेटही होते, आणि संस्कृत रूपात तिथे ‘द्वीप’ हाच शब्द आहे. पुराच्या मधोमध उभे राहता येईल अशी जमीन स्वतःच व्हा, असा त्याचा अर्थ आहे.

कथा जीव वाचवते तेव्हा

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियाचे सिमेलुए बेट भूकंपाच्या केंद्राजवळ होते. बेटाची लोकसंख्या ७५ हजारांहून अधिक होती आणि मृत्यू फक्त ७ नोंदले गेले. कारण १९०७ च्या लाटेनंतर तिथल्या आज्यांनी नातवंडांना ‘स्मोंग’ची गोष्ट सांगत ठेवली होती: जोराचा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळा. थायलंडच्या सुरिन बेटांवरील मोकेन लोकांनीही अशाच जुन्या कथेमुळे उंच जागा गाठली. या कथा उपयोगी ठरल्या, कारण त्यांत खूण आणि कृती दोन्ही होत्या.

चीनच्या महान यू याची कथाही याच जातीची आहे. त्याचे वडील गुन बांध घालून पूर अडवायला जातात आणि अपयशी ठरतात. यू कालवे खोदून पाण्याला वाट करून देतो. या कामात तो १३ वर्षे घालवतो आणि तीन वेळा स्वतःच्या दारावरून जाऊनही घरात शिरत नाही. इथे बोट नाही आणि निवडलेले कुटुंबही नाही, कारण सगळा देश वाचवायचा आहे.

भारतात हाच दृष्टिकोन आधुनिक रूपात बाबासाहेबांनी घेतला. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये मोठे नुकसान केले. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली दामोदर खोऱ्याच्या नियोजनाची परिषद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयीच्या परिषदेत त्यांनी मांडले की जास्त पाण्याला संकट समजणे चूक आहे. माणसाला पाण्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, म्हणून पाणी साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतुकीसाठी वापरावे. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. पुढे धरणांनी विस्थापितांचा, विशेषतः आदिवासींचा, नवा प्रश्न उभा केला, तोही आपण विसरता कामा नये. पण पुराचे कारण शोधा आणि उपाय करा, ही दिशा कार्यकारणभावाचीच होती.

आजची बोट

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत छावण्या आणि मदतीच्या वाटपात दलितांशी भेदभाव झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले. लाटेने जात पाहिली नव्हती, वाटप करणाऱ्यांनी पाहिली. म्हणून बोटीत कोण, हा प्रश्न पुराणात संपत नाही. तो आपल्या नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या वस्त्यांपर्यंत येतो.

पुढच्या वेळी कोणी महापुराला देवाची शिक्षा म्हणाले, तर कार्यकर्त्यांनी तेच तीन प्रश्न विचारावेत. पाणी का आले: पाऊस किती झाला, धरणाचे पाणी कधी सोडले, नाला कोणी बुजवला? आधी कोणाला कळले: इशारा वस्तीपर्यंत पोहोचला का? वाचले कोण: पंचनाम्यात कोणाची घरे आली आणि कोणाची सुटली? उत्तरे मिळेपर्यंत विचारत राहावे आणि पावसाळ्याआधी आपल्या वस्तीत उंच जागा, म्हातारी माणसे, लहान मुले आणि कागदपत्रे यांची यादी करून ठेवावी. जातकातल्या शहाण्या सुताराने हेच केले होते.